हिवाळ्यात सायकलनं ऑफिसला जाताना पायात काय घालता?

नवं_चाक
मंडळी, जरा मदत हवी आहे. चार महिन्यांपूर्वी सायकलनं ऑफिसला जायला लागलो. एका बाजूचं अंतर ९ किमी, साधारण ३५ मिनिटं, मधे पाच सिग्नल आणि एक लांबलचक पूल. आतापर्यंत ऑफिसचीच पँट घालून जात होतो, काही अडलं नाही. आता सकाळचं तापमान ५ पासून उणे ५ पर्यंत कुठेही असतं. गेल्या आठवड्यात पुलावर मांड्या बधिर झाल्या. ऑफिसात पोचलो तेव्हा पाठ घामानं ओली आणि गुडघे मात्र बर्फासारखे.

मग दुकानात गेलो. थर्मल, टाइट्स, बिब टाइट्स, पॅडवाल्या, बिनपॅडच्या, विंडप्रूफ, वॉटरप्रूफ, लेग वॉर्मर... डोकं गरगरलं. विक्रेत्याला म्हटलं, सगळ्यात गरम दे. त्यानं दिली आणि दुसऱ्याच दिवशी मी आत शिजून निघालो.

ऑफिसात शॉवर नाही. कपडे बदलायला आहे ते टॉयलेट, एका पायावर उभं राहून कसरत करण्याइतकंच. वरच्या अंगाचं जमलं आहे, प्रश्न फक्त कमरेखालचा. तुम्ही पायात काय घालता?

खोडरबर
बूट.

नवं_चाक
हे येणार हे शीर्षक लिहितानाच कळलं होतं :) चला, पुढचे या.

उलटावारा
दुकानदारानं तुम्हाला उत्तर बरोबर दिलं, तुमचा प्रश्न चुकला. 'सगळ्यात गरम' हे बसस्टॉपवर उभं राहणाऱ्याला लागतं.

असं बघा, पायडलवर १०० वॅटचं काम करायचं तर शरीर त्याबरोबर तीनशे-चारशे वॅट उष्णता तयार करतं, कारण स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के. त्यातले बहुतेक स्नायू मांड्यांत. म्हणजे भट्टी पायांतच पेटलेली आहे. मग पाय गार का पडतात? समोरून येणाऱ्या वाऱ्यानं. मांडीचा पुढचा भाग, गुडघा आणि नडगी हे तिघं वारा खातात. मांडीची मागची बाजू आणि पोटरी आडोशाला असतात, तिथे उलट घाम साचतो.

शून्य तापमानात २० किमी वेगाचा वारा लागला की उघड्या चेहऱ्याला ते साधारण उणे ५ सारखं जाणवतं. हवामान खात्यांचं हे गणित उघड्या कातडीचं आहे, कपड्याआड ते जसंच्या तसं लागू पडत नाही. पण पातळ पँटमधून वारा आरपार जात असेल तर कपडा असून नसल्यासारखाच, आणि पुलावर तुमचं तेच झालं.

तेव्हा शोधायची ती पुढून वारा अडवणारी आणि मागून श्वास घेऊ देणारी टाइट्स. पुढच्या भागाला विंडप्रूफ कापड, मागे साधं ताणलं जाणारं, आतून हलकी लव असलेलं. चारही बाजूंनी विंडप्रूफ असलेली घेऊ नका. बहुधा तुम्हाला तीच मिळाली असणार.

आणि एक कसोटी. घरातून निघताना पहिली दहा मिनिटं किंचित गारठा वाजलाच पाहिजे. दारातच ऊबदार वाटत असेल तर तिसऱ्या सिग्नलला पस्तावाल.

नवं_चाक
हो, चारही बाजूंनी विंडप्रूफच आहे! लेबल आत्ता वाचलं.

लोकरीगुंडा
उलटावारा यांच्याशी सहमत, पण कातडीला लागून काय आहे याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. माझं मत ठाम आहे : मेरिनो लोकर. लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा आत मुरवून घेतो आणि तरी हाताला ओला लागत नाही. पॉलिएस्टर एक टक्काही मुरवत नाही. त्याचं काम घाम पृष्ठभागावरून पसरवून उडवून टाकायचं. दोन्ही पद्धती चालतात. फरक वासाचा. तुमच्याकडे शॉवर नाही म्हणता, मग पॉलिएस्टरची थर्मल दोन दिवस वापरून बघा आणि शेजारच्या टेबलावरचे सहकारी काय म्हणतात ते इथे कळवा.

कापडाच्या वजनाकडे बघा. दर चौरस मीटरला १५० ग्रॅमच्या आसपासचं पातळ, २५० चं जाड. तुमच्या तापमानाला पँटच्या आत १५० ते २०० पुरे.

सुतीसदरा
सगळा बाजार मांडलाय नुसता. मी नऊ हिवाळे जीन्स घालून सायकल चालवतोय. आत काही नाही, बाहेर काही नाही. पाय शाबूत आहेत.

उलटावारा
अंतर किती हो तुमचं?

सुतीसदरा
३ किमी. त्याचा काय संबंध?

उलटावारा
तोच तर संबंध. ३ किमीला दहा-बारा मिनिटं. घाम यायच्या आत तुम्ही खुर्चीत. १२ मिनिटं माणूस काहीही घालून काढू शकतो, आणि खरं सांगायचं तर काढावीत. तुमच्या जागी मी असतो तर मीही एक पैसा खर्च केला नसता. पण ९ किमीला सूत घामानं भिजतं आणि वाळायचं नाव घेत नाही. पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता वाहून नेतं. ओली सुती पँट म्हणजे पायाला गुंडाळलेली गार पाण्याची पट्टी. ताप आल्यावर कपाळावर ठेवतो ना, तीच.

गुडघेदुखी
शिवाय जीन्सच्या चार जाड शिवणी जिथे एकत्र येतात तिथेच सीटवर बसायचं असतं. ३ किमीला कळत नाही. ९ किमी जाऊन परत ९ किमी यायचं असेल तर कळतं, आणि ज्याला कळतं तो बोलत नाही.

माझ्या आयडीवरून ओळखलंच असेल, मी गुडघ्यांच्या बाजूनं बोलणार. गुडघ्यावर ना चरबी ना मांस, वाटीखालचे स्नायुबंध अगदी कातडीलगत. मांडीला ऊब देणारी भट्टी तिथे नाही. सायकलवाल्यांत जुना संकेत आहे की पारा १५-१६ च्या खाली गेला की गुडघे झाकायचे. शास्त्रार्थ करायचा तर करा, मी झाकतो.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. टाइट्स उभ्यानं घालून बघू नका. ट्रायल रूममध्ये उकिडवे बसा. गुडघा वाकला की तिथलं कापड ताणतं, वीण उघडते, आणि नेमका तोच भाग सगळ्यात पातळ होतो. ताणल्यावर आतली कातडी झळकत असेल तर एक माप मोठं घ्या, किंवा ज्यात गुडघ्याला वाकदार कटिंग असतं अशी बघा. बसल्यावर कमरेला मागे फट पडते का आणि घोटा उघडा राहतो का, हेही तेव्हाच कळतं.

निळीछत्री
सगळे पुरुष टाइट्सवरच घसरलेत. ज्याला टॉयलेटमध्ये एका पायावर कपडे बदलायचे आहेत त्याला टाइट्स सांगताय? ओलसर पायावरून घट्ट टाइट्स सोलून काढून बघा कधी. मी एकदा तोल जाऊन सरळ दारावर आदळले, बाहेरून कुणीतरी विचारलं, 'सगळं ठीक ना?'

मी आता टाइट्स घालतच नाही. ऑफिसचीच पँट, थोडी ताणणारी, आणि तिच्यावरून सैल विंडप्रूफ ओव्हरपँट. घेताना एकच बघितलं : बाजूची चेन गुडघ्यापर्यंत उघडली पाहिजे, म्हणजे बूट न काढता निघते. पोचले की पार्किंगमध्येच उभ्या उभ्या काढते, घडी करून पिशवीत. तीस सेकंदांचं काम. वारा बाहेरच्या बाहेर अडतो, मधे हवेचा थर राहतो, आणि अंगाला रुतणारं काही नाही.

उणेमध्ये पारा गेला की पँटच्या आत ८० किंवा १०० डेनिअरचे (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) साधे बायकी स्टॉकिंग्ज. नवं_चाक, हसू नका. पातळ, घट्ट, पँटखाली दिसत नाहीत, ऑफिसात दिवसभर घातले तरी उकडत नाही. बाहेर उघड्यावर काम करणारे कितीतरी पुरुष हे करतात, फक्त सांगत नाहीत.

खोडरबर
मी सांगतो. तीन हिवाळे झाले. बायकोला वाटलं तिचे हरवतायत.

नवं_चाक
हा धागा काढल्याचं सार्थक झालं.

निळीछत्री, तुमचा उपाय पटतोय. पण ऑफिसची पँट सायकलवर घासून चकाकायला लागते ना? माझ्या दोन पँटा मागून आरशासारख्या झाल्यात. आणि पॅडचं काय? पॅडवाली घ्यावी की बिनपॅडची?

उलटावारा
पॅडचं, म्हणजे बुडाखालच्या गादीचं, आधी सांगतो. रोजच्या वापराला थंडीची टाइट्स बिनपॅडचीच घ्या. पॅड हवं तर आत पॅडवाली साधी शॉर्ट घाला. कारण धुणं. पॅड रोज धुवावं लागतं, आणि जाड लवेची टाइट्स हिवाळ्यात एका रात्रीत वाळत नाही. शॉर्टच्या तीन जोड्या आणि वर एकच टाइट्स, असा आठवडा सुखानं निघतो. पॅडच्या आत चड्डी घालायची नाही, पॅडवर पॅड घालायचं नाही. पहिल्या चुकीनं कातडी सोलते, दुसरीनं लंगोट बांधलेल्या बाळासारखं वाटतं.

९ किमीला पॅड लागतंच असंही नाही. सीट नीट असेल तर बिनापॅडचं भागतं.

बिब म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली. कमरेला काच नाही, मागे फट नाही, पाठ झाकलेली. पण टॉयलेटला जायचं तर जॅकेटपासून सगळं उतरवा. रविवारच्या लांब राइडला उत्तम, ऑफिसला नको.

लोकरीगुंडा
पँट चकाकण्यावर उपाय नाही. पँट ऑफिसात ठेवा. सोमवारी पाच नेल्या, शुक्रवारी पाच आणल्या. मेरिनोलाही सीटवर भोकं पडतात हे प्रामाणिकपणे सांगतो. ती नेहमी आतच घालायची, घर्षण बाहेरच्या कापडानं सोसायचं.

बॅटरीवाली
सगळ्यांनी गृहीत धरलंय की धागाकर्ते पायडल मारतायत. इलेक्ट्रिक सायकलवाल्यांसाठी हा सगळा हिशेब उलटा लावा. माझं अंतर १४ किमी, मोटर मदतीला. वारा तुमच्याइतकाच किंवा जास्त, आणि उलटावारा म्हणतात ती भट्टी अर्धी विझलेली. गेल्या वर्षी इथलंच एक जुनं ज्ञान वाचून पातळ टाइट्समध्ये निघाले आणि रडत पोचले. मला चारही बाजूंनी विंडप्रूफ, आत लव असलेली पँटच लागते. नवं_चाक, तुमची ती 'चुकीची' टाइट्स माझ्यासाठी बरोबर आहे.

उलटावारा
मान्य. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्वचापुराण
पेशानं त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट. थंडीत घट्ट, पातळ, त्यातही दमट कपड्यात रोज बसून राहिलं की काही जणांच्या मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला लालसर-जांभळे, खाजणारे, आग होणारे चट्टे उठतात. घोडेस्वारी करणाऱ्यांत, विशेषतः तरुण स्त्रियांत, हे आधीपासून माहीत आहे, सायकलवाल्यांतही दिसतं. याला पर्निओसिस म्हणतात. लोक ॲलर्जी समजून मलमं लावत बसतात. बहुतेक वेळा उपाय म्हणजे सैल आणि ऊबदार कपडा. चट्टे जात नसतील, फोड येत असतील, किंवा बोटं पांढरीफटक पडून बधिर राहत असतील तर मात्र डॉक्टरला दाखवा, धाग्यावर विचारू नका.

आणि घरी पोचल्यावर गार पडलेले पाय लगेच हीटरसमोर किंवा कढत पाण्यात धरायचे नाहीत. हळूहळू गरम होऊ द्या.

बॅटरीवाली
हे चट्टे मला गेल्या वर्षी होते!! मी साबण बदलला होता.

थंडोबा
उणे ५ ला थंडी म्हणणाऱ्या सर्वांना सप्रेम नमस्कार. आमच्याकडे जानेवारीत उणे २० रोजचं आहे.

या तापमानाला टाइट्सवर टाइट्स चढवणारे बघितले की कीव येते. दोन घट्ट थर एकमेकांना दाबतात, मधली हवा निघून जाते, आणि ऊब तर त्या हवेतच असते. आत मेरिनो, मधे लवेची टाइट्स, बाहेर सैल विंडप्रूफ पँट. प्रत्येक थर आतल्यापेक्षा ढगळ. पुरुषांसाठी पुढच्या बाजूला विंडप्रूफ कापड लावलेली अंडरवेअर मिळते. ती चैन वाटेल, पण एकदा विसरून निघालो होतो. पुढचं लिहीत नाही.

आणखी एक. पावलं गार पडतात म्हणून लोक दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट करतात आणि रक्तच अडवतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, मोजा एकच, जाड. घोट्याशी मोजा आणि टाइट्स एकमेकांवर चार बोटं तरी आले पाहिजेत. तिथून वारा शिरला की वरची सगळी जुळवाजुळव फुकट.

सुतीसदरा
आणि पाऊस पडला की? सगळ्यांच्या लोकरी नि लवा गेल्या पाण्यात.

निळीछत्री
पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. उणे ५ ची कोरडी हवा एकवेळ परवडते, पण २ अंशाला पडणारा पाऊस-बर्फाचा चिखल नको. त्या दिवशी वॉटरप्रूफ ओव्हरपँट, शिवणींना आतून पट्टी लावलेली. आत घाम येणारच. कापड कितीही 'श्वास घेणारं' असलं तरी चढावर ते श्वास रोखूनच धरतं. मी त्या दिवशी दहा मिनिटं आधी निघते आणि मुद्दाम हळू चालवते. तेवढाच इलाज आहे.

पायचा बुटाच्या बाहेरून खाली आला पाहिजे. आत खोचला तर पन्हाळीसारखं पाणी सरळ बुटात.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्यानं कापड घामही ओढत नाही आणि पाणीही झटकत नाही. पाणी मोत्यांसारखं घरंगळायचं थांबलं की लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये हलक्या उष्णतेवर फिरवा, बऱ्याचदा जलरोधक लेप पुन्हा जागा होतो. नाहीच झाला तर वरून मारायचा स्प्रे मिळतो.

गुडघेदुखी
लेग वॉर्मरबद्दल, म्हणजे पायात चढवायच्या सुट्या बाह्यांबद्दल, कुणीच बोललं नाही. सकाळी २ अंश आणि संध्याकाळी १४ असेल तर त्यासारखं काही नाही. शॉर्टच्या आतून वर ओढायचे, संध्याकाळी काढून खिशात. वरच्या कडेला आतून सिलिकॉनची पट्टी असते ती सैल पडली की फेकून द्या. भर चौकात घोट्याशी गोळा झालेले वॉर्मर शोभत नाहीत.

लोकरीगुंडा
वाखु (वाचनखूण) साठवली. असा धागा हिवाळ्याच्या तोंडावर वर काढत जा कुणीतरी.

नवं_चाक
*(पाच आठवड्यांनी)*

सर्वांचे आभार, आणि आता अहवाल.

ती 'सगळ्यात गरम' टाइट्स बहिणीला दिली, तिच्याकडे इलेक्ट्रिक सायकल आहे. बॅटरीवाली, तुमच्यामुळे घरात पुण्य मिळालं.

स्वतःसाठी निळीछत्रींची पद्धत उचलली : सैल विंडप्रूफ ओव्हरपँट, गुडघ्यापर्यंत चेन. आत पातळ ताणणारी पँट, जी फक्त सायकलसाठी. ऑफिसच्या पँटा ऑफिसात. ५ अंशाच्या वर असेल तर ओव्हरपँट पिशवीतच राहते. शून्याखाली गेलं की आत १५० ग्रॅमची मेरिनो, गुडघ्याखाली संपणारी, म्हणजे बूट-मोज्यांत गर्दी होत नाही. उणे ४ ला पुलावरून गेलो, गुडघे माझेच होते. पहिली दहा मिनिटं मात्र वाजतेच थंडी. उलटावारा, त्या दहा मिनिटांत रोज तुमची आठवण निघते, कोणत्या शब्दांत ते विचारू नका.

स्टॉकिंग्ज घेतले का, याचं उत्तर देणार नाही.

एक फजिती झाली. सैल ओव्हरपँटचा उजवा पायचा चेनमध्ये अडकला. पँटची नव्हे, सायकलची चेन. सिग्नल सुटला आणि मी तिथेच, पाय सायकलला शिवल्यासारखा. मागच्या माणसानं उतरून पायडल उलटं फिरवलं तेव्हा सुटलो. पायच्याला काळं नक्षीकाम आणि दोन भोकं. हे कुणीच का सांगितलं नाही?

निळीछत्री
अरे देवा. मी इतकी वर्षं घोट्याला पट्टा बांधते की सांगायचं सुचलंच नाही. चमकणारा पट्टा घ्या, दोन्ही पायांना. पायडल मारताना घोटे वरखाली हलतात, त्यामुळे अंधारात मागच्या गाडीवाल्याला लगेच कळतं की हा सायकलवाला आहे. पाठीवरच्या स्थिर पट्टीपेक्षा हे जास्त उठून दिसतं. भोकांना आतून शिवणटेप लावा, तोवर चिकटपट्टी.

थंडोबा
चिकटपट्टी गोल कापा, कोपरे सोडले की निघते.

नवं_चाक
केलं. आणि पँटा ऑफिसात ठेवायच्या योजनेतली एक फट सांगून ठेवतो, लोकरीगुंडा. सोमवारी पाच पँटा नेल्या. बेल्ट घरी.

लोकरीगुंडा
मग?

नवं_चाक
घोट्याचे दोन्ही पट्टे एकमेकांना जोडले. पुरले नाहीत. दिवसभर खिशात हात घालून फिरलो.

सुतीसदरा
जीन्स असती तर ही वेळ आली नसती.